मध घालायचा नाही

यतीनच्या पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा सुमेधा युरोपात, नायमेखनमध्ये, स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती आणि पुण्याचा घाट तिच्या फोनच्या वीतभर पडद्यात मावला होता.

तिला जायचं होतं. पाठचा एकुलता भाऊ, तोही अमेरिकेत टूसॉनला ट्रकखाली गेलेला आणि कलशातून घरी आलेला. पण त्याच आठवड्यात तिला रक्तस्राव झाला आणि इथल्या सुईणीने विमानाचं नाव काढायचं नाही म्हणून बजावलं. एवढ्या कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या गावात बाळंतपण मात्र सुईणीच्या हाती, याची तिच्या नवऱ्याला, शैलेंद्रला, सुरुवातीला फार गंमत वाटायची. दोन गर्भ गेले तेव्हा त्याची गंमत संपली. हा तिसरा होता. घरात दोघंही हळू आवाजात बोलत, काठोकाठ भरलेलं भांडं नेताना माणूस चालतो तसे वागत.

घाटावर कावळ्यांची काही वानवा नव्हती. खाली उतरत होते, पिंडाभोवती मान वाकडी करून फिरत होते आणि उडून जात होते. बाबांनी हात जोडून सांगितलं, तुझी पुस्तकं कॉलेजला देतो. काका म्हणाले, आईबाबांना आम्ही बघू, तू काळजी करू नकोस. हे काकांनी इतक्या कोरड्या सुरात म्हटलं की कावळ्याने तरी का ऐकावं! ऊन वाढलं, गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला, तेव्हा आईने फोन उचलून पिंडाजवळ धरला.

"सुमे, तुझं काही असेल तर तू बोल."

यतीनचं काय राहिलं होतं? त्याला काय हवं होतं? सुमेधाला फक्त लहानपणीचा यतीन आठवला, शाळेतून येऊन दप्तर टाकायच्या आधी "ताई, भूक" म्हणणारा.

"यत्या, माझ्याकडे ये," ती म्हणाली. "माझ्या घरी ये. तुला मी कधी उपाशी ठेवणार नाही."

शब्द तोंडातून बाहेर पडले न पडले तोच पडद्यावर काळी झडप आली, आणि घाटावरच्या सगळ्यांनी एकदम श्वास सोडला.

पोटुशी बाईने असलं बोलू नये. कुठल्याही मराठी घरातल्या कुठल्याही म्हाताऱ्या बाईने झटकन तिच्या तोंडावर हात ठेवला असता. पण ते बोलणं ऐकू गेलं ते फक्त आईला, कारण फोन तिच्या हातात होता. आणि आईने काही हात ठेवला नाही.

जुलैमध्ये टूसॉनहून एक खोकं आलं. यतीनचा रूममेट सिद्धार्थ, त्याने पाठवलं होतं. दोन शर्ट, घड्याळ, आणि जाड रुमालात गुंडाळलेली एक लाल काचेची बाटली. बुडाशी पत्र्याची चार फुलं, प्रत्येक फुलाच्या मधोमध बारीक भोक. बाटली उलटी टांगायची, म्हणजे भोकांशी साखरपाणी येऊन थांबतं आणि हमिंगबर्ड हवेत उभा राहून पितो.

सुमेधाने ती बाटली व्हिडिओवर शंभरदा पाहिली होती. यतीनला त्या पक्ष्यांचं वेडच लागलं होतं. पहिल्यांदा त्याने फोटो पाठवला तेव्हा ती म्हणाली होती, "त्यात काय, आपल्याकडे जास्वंदीवर येतात की." त्यावर त्याने मास्तरकी केली होती. "तो शिंजीर, ताई. हमिंगबर्ड भारतात नसतोच. तुमच्या युरोपातसुद्धा नसतो." मग पुढे दर रविवारी तिची शिकवणी चालली. एकाला चार. एक वाटी साखर, चार वाट्या पाणी, उकळून गार केलेलं. साधी पांढरी साखर. रंग नाही, गूळ नाही. आणि मध तर कधीच घालायचा नाही.

"का रे? मध तर किती चांगला."

"आपल्याला. मध आंबतो, त्यात बुरशी धरते आणि त्यांच्या जिभेला लागते. जीभ सुजली की पिता येत नाही. प्रेमाने मध घालणाऱ्या लोकांनीच किती मारलेत, ताई."

एका थंड सकाळी त्याला गॅलरीत एक पक्षी पडलेला सापडला होता. दगडासारखा गार. थंडीत ते असे होतात, यतीनने सांगितलं, अंगातलं सगळं बंद करून टाकतात, हृदयसुद्धा जेमतेम चालू ठेवतात, हातात घेतला तर मेलाच म्हणाल. त्याने तो शर्टाच्या आत छातीशी धरला, चोचीला साखरपाण्याचा थेंब लावला, आणि बऱ्याच वेळाने शर्टात घुंघुं सुरू झालं. हे सांगताना पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या त्या दांडगट पोराचे डोळे भरून आले होते.

सुमेधाने बाटली धुतली, एकाला चार करून भरली आणि मागच्या बागेत, स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर टांगली. शैलेंद्र म्हणाला, "अगं, इथे हमिंगबर्ड नाहीत." ती म्हणाली, "माहितेय मला." भला माणूस, कुठे गप्प बसायचं ते त्याला कळतं.

पहिले काही दिवस गांधीलमाश्या आल्या. मग एका दुपारी ती भांडी घासत असताना खिडकीबाहेर घुंऽऽ असा आवाज आला. बोटाएवढं करडं काहीतरी फुलासमोर हवेत उभं होतं. पंख दिसत नव्हते, नुसता धूसर फेर दिसत होता. लांब बारीक सोंड भोकात गेली, बाहेर आली. मग ते वळलं, थेट तिच्या चेहऱ्यासमोर काचेपलीकडे येऊन थांबलं, आणि सुमेधाच्या हातातली कढई सिंकमध्ये पडली.

शेजारची इनेका कुंपणावरून हसली. साठीची बाई, बागेतला किडा न् किडा तिच्या ओळखीचा. "कोलिब्रीफ्लिंडर," तिने सांगितलं. फुलपाखरू. खरं म्हणजे पतंगच, पण उडतो हमिंगबर्डसारखा. उन्हाळ्यात दक्षिणेकडून येतो, थंडी पडली की संपतो. तिने फोनवर चित्र काढून दाखवलं. अगदी तेच होतं.

सुमेधाला हायसं वाटलं. आणि थोडं वाईटही वाटलं, हे तिने कोणाला सांगितलं नाही.

थंडी पडली. ऑक्टोबरच्या वाऱ्यात गांधीलमाश्या मेल्या, पतंग दिसेनासा झाला, इनेकाने खुर्च्या आत नेल्या. बाटली मात्र रिकामी होतच राहिली. रोज सकाळी पाणी दोन बोटं उतरलेलं असे. शैलेंद्रने आधी बाष्पीभवन म्हणून पाहिलं. या देशात धुतलेला मोजा दोन दिवसांत वाळत नाही, तिथे कसलं बाष्पीभवन! मग तो म्हणाला गळत असेल. बाटलीखाली त्याने थाळी ठेवली. थाळी कोरडी राहिली.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो शेवटी म्हणाला, "सुमे, उतरव ती. उंदीर येतील. आणि तुला... तू सारखी तिथेच उभी असतेस. मला नाही बरं वाटत."

तिला त्याचं पटलं. तिच्या मनात काय होतं ते ती आता स्वतःपाशी कबूल करू शकत होती. तिला हे बाळ हवं होतं, जिवंत हवं होतं. आणि ते तिचं आणि शैलेंद्रचं हवं होतं, दुसऱ्या कोणाचं नाही. गेलेला भाऊ कितीही लाडका असला तरी त्याने आठवणीत यावं, खिडकीत येऊ नये. तिने बाटली काढली, धुतली आणि वरच्या फडताळात मागे सरकवून ठेवली.

दुसऱ्या दिवशी बाळ हललं नाही.

सकाळी तिला वाटलं झोपलं असेल. दुपारपर्यंत तिने डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर पडून पाहिलं, पोटावर टिचकी मारली, हाक मारली. काही नाही. पोट नुसतं जड होतं. शैलेंद्र ऑफिसात होता. ती फोन घ्यायला स्वयंपाकघरात आली आणि तिला तो आवाज ऐकू आला.

घुंऽऽ. पण खिडकीबाहेर काही नव्हतं. बाटली टांगायचा रिकामा आकडा, त्यापलीकडे ओली बाग. आवाज मात्र आकड्याच्या बरोबर खालून येत होता, जिथे फुलं असायची तिथून. यतीनने सांगितलं होतं ते तिला आठवलं. ते जागा विसरत नाहीत, ताई. बाटली काढलीस ना, तरी त्या रिकाम्या जागेपाशी येऊन थांबतात. आणि मग बाटली कोण भरतं, त्याला शोधतात.

आवाज हलला. काचेजवळ आला. तिच्या तोंडासमोर, काचेच्या बाहेरच्या अंगाला, पावलीएवढं धुकं उमटलं. पुसलं गेलं. पुन्हा उमटलं. कोणीतरी फार भराभर श्वास घेत होतं.

तिने सुईणीला फोन लावला. सुईण शांतपणे म्हणाली, काहीतरी थंड आणि गोड पी, डाव्या कुशीवर पड, हललं नाही तर लगेच इकडे ये.

थंड आणि गोड. सुमेधाने फडताळातून बाटली काढली. आल्बर्ट हाइन दुकानातली पांढरी साखर एक वाटी, पाणी चार वाट्या. उकळलं, पातेलं बर्फात धरून गार केलं. बाटली भरून बाहेर टांगली आणि पातेल्यात उरलेलं तिथेच उभ्याने पिऊन टाकलं.

आधी काचेवरचं धुकं गेलं. मग पत्र्याच्या फुलाशी एक बुडबुडा सुटून बाटलीत वर चढला, कोणी पिताना चढतो तसा. आणि तिच्या बरगडीखाली जोरात लाथ बसली.

साखरेने बाळं हलतात. सुईणीने म्हणूनच तर सांगितलं होतं. शैलेंद्रने संध्याकाळी हेच समजावलं आणि तिनेही मान डोलावली. पण त्यानंतर तिने बाटली एक दिवसही खाली घेतली नाही. कडाक्याची थंडी आली तेव्हा शैलेंद्रचा लोकरी मोजा कापून बाटलीला घातला. दिवसातून दोनदा बदलून कोमट भरायची. शैलेंद्र बघत राही आणि चहा करून देई.

डिसेंबरात आई आली. बाबांचे गुडघे दुखत म्हणून ते पुण्यालाच राहिले. आईने आणलेल्या बॅगेत डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, दुपटी आणि महाबळेश्वरच्या मधाची बाटली निघाली. यतीन गेल्यापासून आई फार बोलत नसे. फोनवरही "बरं", "हो" एवढंच. इथे आल्यावर ती स्वयंपाकघरात गेली, खिडकीतून मोजा घातलेल्या बाटलीकडे बघत उभी राहिली. दुसऱ्या दिवशी सुमेधा उठली तेव्हा बाटली धुऊन भरलेली होती.

"आई, तू भरलीस?"

"मग काय झालं."

"आई, त्या दिवशी घाटावर मी काय बोलले, ते तू ऐकलंस?"

आई मेथी निवडत होती. "फोन माझ्याच हातात होता," ती म्हणाली आणि पुढची जुडी सोडली.

जानेवारीत, झाडांच्या काटक्याही पांढऱ्या पडलेल्या एका सकाळी, सुमेधाला मुलगी झाली. मुलगी, हे ऐकल्यावर ती घामाने निथळत असतानाही हसली. मुलगी! म्हणजे तो नव्हेच. किती वेडेपणा केला आपण! मग तिच्या लक्षात आलं की खोलीत रडण्याचा आवाज नाही. मुलगी निळसर होती आणि हालत नव्हती. सुईण टॉवेलने तिची पाठ चोळत होती, कोणीतरी नळी आणली, शैलेंद्र भिंतीला टेकला होता.

"माझ्याकडे द्या," सुमेधा म्हणाली. कोणत्या भाषेत म्हणाली, तिलाही माहीत नाही. त्यांनी मुलगी तिच्या उघड्या छातीवर ठेवली. दगडासारखी गार होती. सुमेधाने दोन्ही हातांनी तिला झाकलं आणि वाट पाहिली. बऱ्याच वेळाने तिच्या छातीशी घुंघुं झालं. रडणं नाही, नुसतं बारीक घुंघुं. मग ते वाढत गेलं आणि त्याचं रडणं झालं. सुईणीने ठोके मोजले. भराभर आहेत, म्हणाली, पण छान आहेत.

घरी आल्यावर सगळं भराभर होत गेलं. आरोग्यविम्यातून येणारी बाळंतपणाची नर्स, मारेइका, रोज यायची. बाळाच्या पाळण्यात गरम पाण्याच्या पिशव्या ठेवायची, पाहुण्यांसाठी गोल बिस्किटांवर लोणी लावून गुलाबी बडीशेपेच्या गोळ्या पेरायची आणि आईच्या तेलमालिशीकडे डोळे मोठे करून बघायची. दोघींना एकमेकींची भाषा कळत नव्हती, तरी दोघींचं जमलं. एकदाच मारेइकाने ओट्यावरच्या मधाकडे बोट दाखवून सुमेधाला ठासून सांगितलं, वर्षाची होईपर्यंत बाळाला मध नाही, थेंबभरसुद्धा नाही. सुमेधाने आईला ते मराठीत सांगितलं. आई म्हणाली, "बरं."

खिडकीबाहेर बाटली तशीच भरलेली होती. मुलगी जन्मली त्या दिवसापासून पाणी उतरलंच नव्हतं. वरच्या वर बर्फाची साय धरली होती. सुमेधा येता-जाता बघायची आणि दर वेळी तिचा जीव हलका व्हायचा. आपण शब्द पाळला, हिवाळाभर त्याला खाऊ घातलं, आता तो गेला. आपली मुलगी आपल्यापाशी राहिली. शैलेंद्रने नावही सुचवलं होतं, जुई. तिला आवडलं होतं.

त्या दुपारी मारेइका गेली होती, शैलेंद्र जन्माची नोंद करायला नगरपालिकेत गेला होता. सुमेधा कोचावर टेकली होती. आई वाटी घेऊन आली. बोटातली सोन्याची अंगठी काढून तिने वाटीत बुडवली आणि वर धरली. अंगठीवरून मधाची तार खाली आली.

"नाव पडायच्या आधी जिभेला लावायचा असतो," आई म्हणाली. "तुम्हा दोघांनाही मीच लावला होता."

"आई, नर्सने सांगितलंय ना."

"थेंबभर. तुम्हाला काय झालं?" आई पाळण्यापाशी बसली. मुलगी जागी होती. तिने तोंड उघडलं. आईने अंगठी तिच्या ओठांजवळ नेली.

सुमेधा टाके पडलेले विसरून उठली आणि तिने आईचा हात धरला. इतक्या जोरात की वाटी पाळण्याच्या दांडीवर आपटली.

"मध नको! मरेल ती. यतीनने सांगितलंय मध घालायचा नाही."

सुमेधाने आपल्याच तोंडून निघालेलं ऐकलं. तोंडी नर्सचं नाव यायला हवं होतं. तिने दोन दिवस तेच नाव घेतलं होतं.

आई तिच्याकडे बघत होती. यतीन गेल्यापासून प्रथमच आईच्या चेहऱ्यावर कसलाच ताण नव्हता. तिने अंगठी पदराला पुसली, बोटात घातली. वाटी नेऊन सिंकमध्ये ओतली.

"मी काही लावणार नव्हते," ती म्हणाली. "मला एवढंच बघायचं होतं, की तुलाही कळलंय की मला एकटीलाच वाटतंय."

"आई, ती मुलगी आहे. माझी मुलगी आहे."

"तुझीच आहे. कोण नाही म्हणतंय?" आईने खिडकी उघडली, आकड्यावरून बाटली काढून आत घेतली. "तू बोलावलंस, तो आला. मी पण अडवलं नाही तुला. आता ही बाहेर कशाला? बाहेर कोणी उरलंय का?"

थंड हवा आत आली. आईने बाटलीवरचा मोजा काढला आणि लाल काच उजेडात आली. पाळण्यातल्या मुलीने मान वळवली. इतक्या दिवसांचं मूल मान वळवत नाही, त्याला नीट दिसतही नाही, हे सुमेधाने सगळीकडे वाचलं होतं. मुलगी बाटलीकडे बघत राहिली आणि तिच्या ओठांतून बारीकशी जीभ बाहेर आली. आत गेली. बाहेर आली.

"दे तिला माझ्याकडे," सुमेधा म्हणाली.

आईने मुलगी तिच्या मांडीत दिली. सुमेधाने तिला पाजायला घेतलं. तिने तिच्या चेहऱ्यात शैलेंद्रचं कपाळ शोधलं, ते होतं. आपली हनुवटी शोधली, तीही होती. मुलगी पीत होती आणि पिता पिता तिच्या गळ्यात घुंघुं चाललं होतं. सुमेधाला भीती वाटली. आणि त्या भीतीच्या तळाशी, तिची तिलाच लाज वाटावी एवढा आनंद होता.

"हळू," ती खाली वाकून म्हणाली. "हळू पी, यत्या. कोणी काढून घेत नाही."

दारात किल्ली फिरली. शैलेंद्र बूट काढता काढता आनंदाने ओरडला, "झालं! जुई नाव लागलं कागदावर." स्वयंपाकघरात आई लाल बाटली धूत होती. दोघींपैकी कोणीच त्याला ओ दिली नाही.